हाताची घडी सोडवताना : कृतियुक्त व हावभावाधारित अध्यापन आणि शिक्षकांची तयारी

शिक्षकाने बोलावे आणि मुलांनी ऐकावे, या रूढ रीतीला पर्याय म्हणून गेल्या शंभर वर्षांत ज्या पद्धती पुढे आल्या, त्यांना मराठीत ढोबळमानाने ‘कृतियुक्त अध्यापन’ असे म्हटले जाते. मुलाने वस्तू हाताळणे, जागेवरून उठून काही करणे, गटात बोलणे आणि करून पाहून निष्कर्षाला येणे, हे सारे या संज्ञेत मोडते. त्याचाच एक भाग, पण स्वतंत्रपणे विचारात घ्यावा असा, म्हणजे हावभावाधारित अध्यापन. एखादा शब्द, क्रिया किंवा संकल्पना यांना हाताच्या, चेहऱ्याच्या अथवा सर्वांगाच्या ठरावीक हालचालीची जोड द्यायची आणि ती हालचाल शिक्षकाबरोबर मुलांनीही करायची, असे त्याचे स्वरूप आहे. कर्णबधिरांची सांकेतिक भाषा ही स्वतःचे व्याकरण असलेली पूर्ण भाषा असल्यामुळे वर्गातल्या या खुणांशी तिची गल्लत करता कामा नये.

या पद्धती चांगल्या आहेत, हे महाराष्ट्रातल्या शिक्षकाला आता कोणी नव्याने सांगावे लागत नाही. शासन निर्णय, प्रशिक्षणे आणि पाठ्यपुस्तकांच्या प्रस्तावना हेच सांगत आल्या आहेत. तरीही बहुसंख्य वर्गांत मुलांचे हात पाटी-वहीपुरतेच हलतात. असे का होते आणि शिक्षकाला खरोखर प्रवृत्त कशाने करता येईल, या प्रश्नाचा आढावा येथे घेतला आहे. बीड तालुक्यात मांजरसुंबा-पाटोदा रस्त्यावर, बालाघाटाच्या डोंगराळ पट्ट्यात वसलेले आणि गणपतीच्या देवस्थानामुळे परिचित असलेले लिंबागणेश आणि त्याच्या आसपासची गावे, वस्त्या, तांडे येथे नजरेसमोर ठेवले आहेत. ऊसतोडीच्या स्थलांतराने शाळेचे वर्ष मधोमध तुटते अशा या भागात अध्यापनपद्धतीचा प्रश्न मूल शाळेत टिकते की गळते, या प्रश्नाशी जाऊन भिडतो.

शिकताना अंग हलवणे ही परदेशातून आलेली कल्पना आहे, असा एक समज शिक्षकांमध्ये आढळतो. परंतु या भूमीवरच्या जुन्या शिक्षणपरंपरा पाहिल्या तर तो टिकत नाही. शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेत उदात्त, अनुदात्त आणि स्वरित हे स्वर हाताच्या ठरावीक हालचालींनी दाखवत पठण शिकवले जाते आणि शिष्याच्या हाताकडे पाहूनच गुरूला चूक कळते. संगीतात तालाची टाळी आणि खाली हातावर दाखवली जाते, तर नाट्यशास्त्राने अभिनयाचे जे चार प्रकार सांगितले, त्यांत आंगिक अभिनय पहिला आहे. यांतली वेदपठणाची परंपरा जन्माच्या आधारावर बहुसंख्यांना बंद होती, हे विसरून तिचा गौरव करणे योग्य नाही. पण कीर्तन, भारूड, गोंधळ, जात्यावरच्या ओव्या आणि झिम्मा-फुगडीसारखे बायकांचे खेळ यांतून अंगाने शिकण्याची रीत गावोगाव सर्वांच्या घरात होती. आधुनिक शाळेने मात्र या साऱ्याला दाराबाहेर ठेवले आणि ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ ही आज्ञा शिस्तीचे पहिले लक्षण म्हणून रुजवली. शिकण्याची दोन प्रमुख साधने एकाच वेळी बंद करणारी ही आज्ञा महाराष्ट्रातल्या शाळांत अद्याप ऐकू येते, यावरून मुळाशी असलेली कल्पना किती घट्ट आहे ते दिसते.

या कल्पनेला महाराष्ट्रात पहिला मोठा धक्का दिला तो बालशिक्षणाच्या चळवळीने. गुजरातेतील भावनगरच्या दक्षिणामूर्ती या शिक्षणसंस्थेत १९२० साली गिजुभाई बधेका यांनी बालमंदिर सुरू केले. तेथे त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघाच्या स्थापनेत पुढाकार घेतला आणि १९४५ साली बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी बालशिक्षणाचे केंद्र उभे केले. तेथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेले. माँटेसरी बालशिक्षणपद्धतीची महागडी साधने परवडणारी नसल्यामुळे शंख, शिंपले, बिया, पाने, खडे यांनी त्यांची जागा घेतली; अभिनयगीते, म्हणजे प्रत्येक ओळीला हातवारे व हालचाल जोडलेली गाणी, हा बालवाडीच्या दिवसाचा गाभा झाला; आणि गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत म्हणून शाळाच कुरणावर नेण्याचा ‘कुरणशाळा’ हा प्रयोग झाला. कोसबाडच्या कामाची थोरवी साधनांच्या कल्पकतेपुरती सांगितली जाते, ते अपुरे आहे. घरची भाषा वेगळी असलेल्या मुलाशी शिक्षिकेचे पहिले नाते गाण्याने आणि हातवाऱ्यांनी जुळते व प्रमाण मराठी त्या नात्यावर पुढे उभी राहते, हा या कामातून निघणारा धडा बीडच्या तांड्यांवरच्या शाळांना आजही जसाच्या तसा लागू आहे. पुढे लीलाताई पाटील यांनी कोल्हापुरात १९८५ साली सुरू केलेले सृजन आनंद विद्यालय आणि रमेश पानसे यांच्या पुढाकाराने ग्राममंगल संस्थेने केलेले काम यांनी ही दृष्टी प्राथमिक इयत्तांत नेली. पण हे सारे निवडक शिक्षकांच्या निष्ठेवर उभे होते आणि जिल्हा परिषदेच्या सर्वसामान्य शाळेपर्यंत त्याचा ओघ क्षीण होऊनच पोहोचला.

हावभावांमुळे शिकणे खरोखर सुधारते का, या प्रश्नाला गेल्या काही दशकांच्या संशोधनाने बऱ्यापैकी नेमके उत्तर दिले आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅकनील यांनी १९९२ सालच्या आपल्या ग्रंथात बोलताना होणाऱ्या हालचालींचे चार प्रकार मांडले : वस्तूकडे बोट दाखवणारे निर्देशक हावभाव, आकार किंवा क्रिया हुबेहूब दाखवणारे चित्रदर्शी, अमूर्त कल्पनेला हाताने रूप देणारे रूपकात्मक आणि बोलण्याचा केवळ ठेका धरणारे. यांतले मधले दोन अध्यापनाला विशेष उपयोगी पडतात. शिकागो विद्यापीठातील सुझन गोल्डिन-मेडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांना ४ + ३ + ६ = __ + ६ या धर्तीची उदाहरणे दिली. अशा वेळी अनेक मुले सगळ्या संख्यांची बेरीज करून मोकळी होतात, कारण बरोबरचे चिन्ह म्हणजे ‘उत्तर लिहा’ अशी त्यांची समजूत असते. ज्या मुलांना पहिल्या दोन संख्यांखाली दोन बोटे व्ही आकारात धरून मग रिकाम्या जागेकडे बोट दाखवायला शिकवले, ती पाठानंतर इतरांपेक्षा पुढे गेली. विशेष म्हणजे दोन संख्यांचा गट करायचा, हे त्यांना शब्दांत कोणी सांगितलेच नव्हते; ते त्यांच्या बोटांनी त्यांना सांगितले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या याच गटाच्या दुसऱ्या अभ्यासात, स्वतः हावभाव करत शिकलेल्या मुलांचे शिकणे चार आठवड्यांनंतरही टिकून होते, तर केवळ शब्द म्हणत शिकलेल्यांचे बरेचसे ओसरले होते. म्हणजे शिक्षकाने हातवारे करणे पुरेसे नाही. मुलाचे हात हलले पाहिजेत.

भाषाशिक्षणात जेम्स ॲशर यांनी १९६०च्या दशकात मांडलेली ‘टोटल फिजिकल रिस्पॉन्स’ ही पद्धत प्रसिद्ध आहे. तीत मूल नवी भाषा आधी ऐकते आणि ऐकलेल्या सूचनेप्रमाणे कृती करते, आणि बोलण्याची घाई त्याच्यावर लादली जात नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले, तेव्हा इंग्रजी न बोलणाऱ्या घरांतल्या मुलांसाठी कृतिगीते आणि ‘उभे राहा, दार उघड’ अशा सूचनांवर आधारलेले खेळ शिक्षकांच्या हाती आले, ते याच विचाराच्या वळणाचे होते. मात्र सर्व पुरावा एका बाजूचा नाही. कॅनडात वेंडी मॅक्सवेल यांनी फ्रेंच शिकवण्यासाठी जवळपास प्रत्येक शब्दाला हावभाव जोडणारी पद्धत विकसित केली आणि ती शिक्षकांमध्ये लोकप्रिय झाली. तरीही २००९ साली ओंटारिओतील आठवीच्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासात, ही पद्धत वापरणाऱ्या आणि न वापरणाऱ्या वर्गांच्या फ्रेंचमध्ये लक्षणीय फरक दिसला नाही. यावरून घ्यायचा बोध असा की हावभाव अर्थाला चिकटलेला असेल तेव्हाच तो काम करतो. प्रत्येक शब्दाला खूण लावण्याचा अट्टहास केला की खुणांचे पाठांतर सुरू होते आणि घोकंपट्टी तोंडातून हातात जाते, एवढेच.

शासनाच्या बाजूने पाहिले तर प्रोत्साहनाची कमतरता कधीच नव्हती. जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम १९९४ पासून देशात सुरू झाला आणि त्याच्या दुसऱ्या टप्प्यात बीड जिल्ह्याचा समावेश झाला. ‘आनंददायी शिक्षण’ हा शब्द मराठवाड्यातल्या शिक्षकांच्या तोंडी त्याच काळात रुळला. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ याने ज्ञानरचनावाद, म्हणजे मूल ज्ञान स्वतः रचते ही भूमिका, मध्यभागी आणली; २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २९ व्या कलमाने कृती, शोध आणि अन्वेषण यांतून शिकण्याला कायद्याचे बळ दिले; ऑगस्ट २०१० पासून राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शासन निर्णयाने प्रत्येक मूल शिकले पाहिजे याची जबाबदारी शाळेवर टाकली. मार्च २०२४ मध्ये पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ही आला. दहावीच्या भाषाविषयांत २०१९ पासून प्रश्नपत्रिकेच्या जागी ‘कृतिपत्रिका’ आली, ती मात्र वेगळ्या कारणाने लक्षात घेण्याजोगी आहे : तिच्यातली कृती बव्हंशी कागदावरच घडते, आणि परीक्षेने कृती हा शब्द स्वीकारल्यामुळे वर्गातली हालचाल वाढते असे नाही, हे तिने दाखवून दिले.

या प्रयत्नांतले सर्वांत बोलके उदाहरण सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटचे, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालच्या शाळांच्या गटाचे, आहे. तेथे शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी आपल्या बीटमधील शिक्षकांबरोबर ज्ञानरचनावादी पद्धतीने काम उभे केले. मुलांच्या उंचीला येतील असे फळे, फरशीवर आखलेली साधने, स्वतःहून गटात काम करणारी मुले असे चित्र तेथे दिसू लागले आणि २०१५ च्या सुमारास राज्यभरातून शिक्षकांच्या झुंडी ते पाहायला येऊ लागल्या. परतलेल्या शिक्षकांपैकी अनेकांनी पदरमोड करून वर्ग रंगवले, हे त्यांच्या तळमळीचे लक्षण होय आणि त्याची कदर झाली पाहिजे. परंतु फरशी रंगवणे जमले तरी मुलाला चुकू देण्याचा आणि थांबण्याचा अवकाश सोबत आणता आला नाही. दिसते ते उचलले जाते. बीटच्या शिक्षकांनी आपसांत केलेल्या चर्चा, फसलेले पाठ, पुन्हा केलेले प्रयत्न हे एका दिवसाच्या भेटीत दिसत नाहीत.

येथेच हावभावाधारित अध्यापनाची अडचण आणि शक्ती दोन्ही आहेत. त्याला साहित्य लागत नाही, म्हणून निधी लागत नाही. पण साहित्य नसल्यामुळे ते अहवालात दाखवता येत नाही, छायाचित्रात उठून दिसत नाही आणि तपासणीच्या तक्त्यात त्याला रकाना नसतो. राज्याकडून जिल्ह्याला, जिल्ह्याकडून तालुक्याला आणि तेथून शाळांच्या केंद्राला उतरत जाणाऱ्या प्रशिक्षणात विचार शब्दांतून पोहोचू शकतो, हालचाल पोहोचत नाही. पडद्यावर दाखवलेल्या चार ओळींतून कोणालाही हात कसा हलवावा हे उमगत नाही. वास्तविक डी.एड. झालेल्या प्रत्येक शिक्षकाने सूक्ष्म अध्यापनात, म्हणजे सहाध्यायींनाच विद्यार्थी मानून एकेका कौशल्याचा सराव करण्याच्या छोट्या पाठांत, ‘चेतक बदल’ नावाचे कौशल्य गिरवलेले असते आणि हालचाल, हावभाव, आवाजातील चढउतार हेच त्याचे घटक असतात. ते गुणांपुरते केले जाते, खऱ्या मुलांपुढे फारसे तपासले जात नाही आणि नोकरीत आल्यावर त्याची आठवण कोणी करून देत नाही.

शिक्षक मागे राहतात ते आळसाने, असे म्हणणे सोपे आहे आणि चुकीचे आहे. दोनशिक्षकी शाळेत एका शिक्षकाकडे दोन किंवा तीन इयत्ता असतात; एक इयत्ता उठून हालचाल करू लागली की दुसरीचे लेखन विस्कटते. मतदारयाद्या, सर्वेक्षणे, पोषण आहाराच्या नोंदी आणि मोबाइलवर रोज भरायची माहिती यांत दिवसाचा मोठा भाग जातो. शिष्यवृत्ती परीक्षेत किती मुले चमकली, यावर गावात शाळेची किंमत ठरते, आणि वर्गातून गाण्याचा आवाज आला की ‘गुरुजी खेळच घेतात’ असे पालक म्हणतात. याहून खोल आहे तो संकोच. मोठ्या इयत्तांना शिकवणारा शिक्षक, विशेषतः ज्याचे विद्यार्थी आणि त्यांचे आईवडीलही गावातच भेटतात, तो वर्गात हातवारे करताना आपला मान जाईल या भीतीने आखडतो. हा संकोच आदेशाने जात नाही आणि एकट्याने घालवताही येत नाही. चार सहकारी समोर तेच करताना दिसले म्हणजे तो ढिला होतो.

लिंबागणेश परिसरात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोड मजुरांच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात आणि पट्टा पडला, म्हणजे गाळप संपले, की मार्च-एप्रिलमध्ये परततात. काही मुले आजी-आजोबांकडे राहतात आणि हंगामी वसतिगृहाच्या योजनेतून जेवण व देखरेख मिळवतात. काही मात्र पाचटाच्या कोपीत लहान भावंडे सांभाळत हंगाम काढतात. परतलेल्या मुलाला वर्ग पाच महिने पुढे गेलेला सापडतो. अशा मुलासमोर पुस्तकाचे चाळीसावे पान उघडण्यापेक्षा, त्याच्या हाताला आधीपासून ठाऊक असलेल्या खुणेवरून त्याला आत घेणे अधिक शहाणपणाचे आहे.

उदाहरणादाखल दुसरीच्या वर्गातला हातच्याच्या बेरजेचा पाठ घेता येईल. जिल्हा परिषद शाळांत ‘गठ्ठे आणि सुटे’ ही भाषा दशक-एककासाठी रुळलेली आहेच. या भागातल्या मुलांना गठ्ठ्यापेक्षा मोळी अधिक जवळची, कारण आईबापांना उसाची मोळी बांधताना त्यांनी पाहिलेले असते. २७ आणि १५ मिळवायचे असतील तर आधी ज्वारीच्या धाटांचे तुकडे मोजले जातात. मग तुकडे बाजूला ठेवून एक मूल सात बोटे उभी करते, शेजारचे पाच. त्यांतली दहा मोजून झाली की दोघे मिळून मुठी आवळत मोळी बांधल्याची खूण करतात आणि ती मोळी डावीकडे, दशकाच्या घरात बसलेल्या मुलाकडे सरकवतात. इकडे दोन सुटे उरतात, तिकडे दोन आणि एक मोळ्यांत ही नवी मिळून चार होतात आणि बेचाळीस हे उत्तर मुलांच्या अंगातून निघते. काही दिवसांनी तुकडे नकोसे होतात, नंतर खूणही पुसट होते आणि अखेर हातचा वहीत लिहिला जातो, तेव्हा तो कोठून आला हे मुलाला सांगावे लागत नाही. या पाठात शिक्षकाकडून होणारी नेमकी चूक अशी की तो मुलांकडे तोंड करून उभा असतो आणि स्वतःच्या डावीकडे मोळी सरकवतो. मुलांना ती उजवीकडे गेलेली दिसते आणि दशक-एककाची घरे उलटी होतात. आरशासारखी खूण करायची सवय सरावानेच लागते. हा बारकावा एकमेकांचे पाठ पाहणाऱ्या शिक्षकांनाच सापडतो.

म्हणून प्रोत्साहनाचे जे प्रयत्न टिकाऊ वाटतात, ते शिक्षकांना एकमेकांसमोर आणणारे आहेत. राज्य शासन, ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्ट्स यांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘तेजस’ प्रकल्पात इंग्रजी शिकवणाऱ्या प्राथमिक शिक्षकांचे स्थानिक गट बांधले गेले. ठरावीक काळाने भेटायचे, एखादी कृती स्वतः करून पाहायची, ती वर्गात वापरून पुढच्या भेटीत अनुभव सांगायचा, अशी त्यांची रीत होती. बाहेरचा तज्ज्ञ येऊन निघून जाण्यापेक्षा शेजारच्या गावचा शिक्षक काय करतो हे पाहणे अधिक परिणामकारक ठरते, हा त्यामागचा विचार केंद्रस्तरावरच्या दरमहाच्या शिक्षण परिषदेलाही लावता येईल. ही परिषद अनेकदा परिपत्रकांचे वाचन आणि माहितीची मागणी यांत संपते. तिचा निम्मा वेळ यजमान शाळेच्या खऱ्या मुलांसमोर एका पाठासाठी आणि त्यावरच्या मोकळ्या बोलण्यासाठी राखला, तर त्याला एक रुपयाही लागत नाही. अंबाजोगाईच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने अशा पाठांचे सूत्रसंचालन करणारे शिक्षक तयार करणे, हे आणखी एक मोठे प्रशिक्षण घेण्यापेक्षा कितीतरी उपयुक्त होईल. गुणवान शिक्षक जिल्ह्यात नाहीत, अशी स्थिती मुळीच नाही. २०२२ चे राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार मिळालेल्यांत गेवराई तालुक्यातील दामूनाईक तांडा आणि आष्टी तालुक्यातील पारगाव जोगेश्वरी या बीडच्याच दोन जिल्हा परिषद शाळांचे शिक्षक होते. त्यांच्यासारख्यांना सत्काराच्या व्यासपीठाबरोबरच दुसऱ्याच्या वर्गात पाठ घेण्याची आणि आपल्या वर्गात पाहुणे घेण्याची रजा व प्रवासखर्च मिळाला पाहिजे.

तपासणीची दृष्टीही बदलावी लागेल. विस्तार अधिकारी वर्गात आल्यावर मुले शांत बसली आहेत का, हे पाहणार असतील तर कोणताही शिक्षक मुलांना उठवण्याचा धोका पत्करणार नाही. त्याऐवजी त्यांनी एखाद्या मुलाला ‘हातचा म्हणजे काय, करून दाखव’ असे विचारावे आणि मुलाच्या हातांकडे पाहावे; मुलाला शब्दांत न सांगता आलेली समज पुष्कळदा तेथे आधी दिसते, हे गोल्डिन-मेडो यांच्या संशोधनाचेही निरीक्षण आहे. ज्या मुलांचे हात नीट चालत नाहीत त्यांच्यासाठी नजरेची किंवा आवाजाची खूण शोधावी लागेल, आणि तसे करण्याची मोकळीक शिक्षकाला हवी.

प्रशिक्षणाचे वेळापत्रक हा अखेरचा, पण या भागापुरता निर्णायक मुद्दा आहे. बीडमध्ये मुले जातात दिवाळीला आणि परततात उन्हाळ्याच्या तोंडाशी, तर प्रशिक्षणे वरच्या कार्यालयाच्या आर्थिक वर्षाप्रमाणे होतात. एका केंद्रातील सर्व शाळांनी गणित आणि भाषेतल्या थोड्याच, पण त्याच त्या खुणा ठरवून सप्टेंबरपर्यंत मुलांच्या अंगवळणी पाडल्या, हंगामी वसतिगृहात संध्याकाळी मुलांना सांभाळणाऱ्या व्यक्तीलाही त्या शिकवल्या आणि मुले परतताच पहिले आठवडे त्याच खुणांपासून सुरुवात केली, तर वाटेत शाळा बदलली किंवा शिक्षकाची बदली झाली तरी मुलाला ओळखीचे काही सापडेल. जिल्हाभर हे लागू करण्याआधी लिंबागणेश परिसरातल्या शाळांतून त्याची सुरुवात करता येईल, आणि त्यासाठी नव्या शासन निर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही.